ट्रेबलचा आकडा

खुजंद, १२ जानेवारी १९७९

मुअत्तरजान,

तुझी आई आज सकाळी आली आणि म्हणाली, पोरीला दुशान्बेची थंडी बाधली, नाक वाहतंय. मी म्हटलं, हिरवा चहा पिऊ दे, होईल बरी. मग चहा ओतता ओतता, अगदी सहज, म्हणाली की रेडिओच्या वाद्यवृंदात बेस गिटारला तुझी निवड झाली, तीन महिन्यांच्या बोलीवर. माझ्या हातातला कप खाली पडला. अशी बातमी मामाला बहिणीच्या तोंडून कळावी? तुझे हात काय गोठले होते?

असो. दोन तास रागावून बसलो. मग चहाखान्यात जाऊन बातमी सांगितली आणि राग विसरलो. सातव्यांदा सांगायला लागलो तेव्हा सैदुल्लो चहावाला म्हणाला, "नेमत अका, आता पुरे करा. पहिल्या सहा वेळा आम्ही इथंच होतो."

त्यांना काय कळणार! १९६६ साली खुजंदच्या लग्नात पहिल्यांदा बेस गिटार कोणी आणली? तुझ्या मामाने. दोन तारांची दुतार आणि डफासारखा दोइरा घेऊन बसलेले म्हातारे म्हणाले, हे चार तारांचं ओंडकं कशाला? पण पुलावाचं झाकण उघडायच्या आत नवऱ्या मुलाचा आजोबा काठी टाकून नाचायला उठला. त्या दिवसापासून माझ्याशिवाय या गावात लग्न लागलेलं नाही. आणि आता माझ्या हाताखाली शिकलेली पोर रेडिओवर! मी छाती काढून चालतोय, सफरगुल मामी म्हणते कोटाचं बटण तुटेल.

आता कामाचं ऐक. सोबत नव्या तारा पाठवतोय. रीगाहून आलेल्या एका वादकाकडून माझ्यासाठी एक संच घेतला, एक तुझ्यासाठी. या गोल गुंडाळीच्या आहेत, बोटाला खरखरीत लागतील. तुझ्या गिटारवर मी सहा वर्षांपूर्वी चढवलेल्या चपट्या, गुळगुळीत तारा काढून टाक. मेल्या त्या. माझ्याही मेल्या. सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळल्या, पुसल्या, वाळवल्या, तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखाच. चारही नव्या चढव. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या असला चिक्कूपणा करू नकोस. एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून कोणी वरातीला जात नाही.

घोडीजवळ तारांखाली खुपसलेला स्पंजचा तुकडा काढून फेक. अँपच्या बटणावर ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, नऊवर ठेव, खर्ज चारवर. नऊ म्हणजे नऊ. माझ्या हातून तुला कमरबंद बांधला जाईपर्यंत, म्हणजे तू स्वतः उस्ताद होईपर्यंत, उस्तादाच्या शब्दाशिवाय बटण हलवायचं नाही, हे तुला सांगायला नको.

तुझा नेमतुल्लो मामा


दुशान्बे, २७ जानेवारी

उस्ताद आणि मामाजान,

तुमच्या दाराशी सलाम. घाट बर्फाने बंद आहे, त्यामुळे तुमचं पार्सल माझ्याआधी विमानात बसलं. पडसं गेलं. बातमी आधी कळवली नाही कारण तीन महिने टिकले तर अभिमानाने सांगेन म्हणत होते. आईला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तारा चढवल्या. स्पंज काढला. ट्रेबल नऊ, खर्ज चार.

आता रागावू नका, जे झालं तेच लिहिते. पहिल्याच तालमीत काचेपलीकडून ध्वनिमुद्रणाच्या तमारा ल्वोव्नांनी विचारलं, "बेसवाल्या मुलीने हातात उंदीर धरलाय का?" नव्या तारांवर बोट सरकलं की चीं वाजतं, आणि ट्रेबल नऊवर असल्यामुळे ते सगळं मायक्रोफोनात जातं. आमचे संचालक कोमिल अका हातातलं रुबाब वाद्य खाली ठेवून म्हणाले, "मुली, दुतार बोलायला लागली की तू तिच्या अंगावर पत्र्याचे डबे टाकतेस. ट्रेबल कमी कर."

मी म्हटलं, करता येणार नाही, उस्तादांनी सांगितलेला आकडा आहे.

सगळे हसले. कोमिल अका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कमरबंद बांधलाय?" मी म्हटलं, अजून नाही. ते माझ्या अँपपर्यंत चालत आले, बटणाकडे बघितलं आणि हात मागे बांधून परत गेले. म्हणाले, "उस्तादांना पत्र लिही."

म्हणून लिहितेय. मामाजान, तुम्हीच मला शिकवलंत की बेस म्हणजे दुतारखालची गादी. पाहुण्याचं तिच्याकडे लक्ष जाऊ नये, पण काढून घेतली तर पाठ दुखली पाहिजे. तेव्हा ट्रेबल दोनवर असायचं. मला काही चुकीचं आठवतंय का?

तुमची शिष्या आणि भाची, मुअत्तर


खुजंद, ९ फेब्रुवारी

मुअत्तर,

या कोमिलला विचार, लग्नात सहाशे माणसं टाळ्या वाजवत असताना त्याने कधी वाजवलंय का. काचेच्या खोलीत बसून मोठा आवाज खुपतोय लोकांना! आणि त्या तमाराबाईंना सांग, उंदीर नाही, सिंह आहे.

दोन तेव्हा होतं. तेव्हा तारा चांगल्या होत्या, वीज चांगली होती. आता सगळंच पातळ झालंय. मागच्या शनिवारी लग्नात ट्रेबल नऊवर असून मला माझी गिटार भिंतीपलीकडे वाजल्यासारखी वाटली. शेवटी दहावर नेली. नवरीचा बाप येऊन काहीतरी बोलून गेला, कौतुकच करत असणार, तोंड तर हलत होतं.

जग कसं आळशी झालंय बघ. किटल्यांनासुद्धा हल्ली शिट्टी धड बसवत नाहीत. दोन जळल्या आमच्या. यंदा अंगणातल्या जर्दाळूवर चिमण्या बसतात, पण चिवचिव नाही. शेतात मारतात त्या औषधाचा परिणाम असणार. तुझी मामी तर म्हातारपणी पुटपुटायला लागली आहे. काही विचारलं की ओठ हलवते, आणि मी "काय?" म्हटलं की पाय आपटत निघून जाते.

तू काळजी करू नकोस. तार खरी, उस्ताद खरा. तू दहावर कर.

नेमतुल्लो


दुशान्बे, ४ मार्च

उस्ताद आणि मामाजान,

दहावर केलं.

कोमिल अकांनी तालीम थांबवली. सगळे चहाला गेल्यावर मला एकटीला थांबवून म्हणाले, "१२ एप्रिलला ध्वनिमुद्रण. खुजंदची जुनी गाणी, तुझ्याच गावची. तोवर आवाज जागेवर आला नाही तर पॉलिटेक्निकचा वादक येईल. तो तयार आहे. मला तू हवी आहेस, पण दुतार त्याहून जास्त हवी आहे." अपमान केला नाही त्यांनी. म्हणून जास्त लागलं.

वसतिगृहावर आले आणि तुमची सगळी पत्रं काढली. कॉलेजला आल्यापासूनचं एकही टाकलेलं नाही. तारीखवार मांडली. तुम्ही दर पत्रात आकडा लिहिता. १९७४ साली ट्रेबल दोन. १९७६ ला चार. मागच्या वर्षी सहा. जानेवारीत नऊ. आता दहा. याच्यापुढे बटणावर आकडाच नाही, मामाजान.

त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं. तुमच्याकडे मुक्कामाला होती ना? लिहिते, नेमतच्या अंगणातल्या चिमण्यांनी दुपारी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आणि किटली शिट्टी मारत होती, नेमत शेजारीच बसून पेपर वाचत होता, मीच उठून उतरवली.

मी तीन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. कोणी दुसरं तुम्हाला सांगणार नाही, कारण सगळे तुम्हाला घाबरतात. मीही घाबरते. पण सांगते. तारा मेलेल्या नाहीत. वीज पातळ नाही. मामी पुटपुटत नाही. तुम्हाला कमी ऐकू येतंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यावरच ठेवा. मी तेरा वर्षांची असताना, अँप दुरुस्तीला गेला होता तेव्हा, तुम्ही मला तारा कशा निवडायच्या ते शिकवलं होतं. गिटारच्या वरच्या शिंगावर जबडा टेकवायचा, दात हलके मिटायचे आणि तार छेडायची. "दुकानदाराचं ऐकू नकोस, हाडाचं ऐक." जुन्या चपट्या तारा तुम्ही फेकल्या नसणार, तुम्ही काहीच फेकत नाही. त्या परत चढवा, वायर काढा आणि जबडा टेकवा. मग मला आकडा सांगा. तुम्ही जो सांगाल तो लावीन.

मुअत्तर


खुजंद, १५ मार्च

सफाईने लिहायला शिकलीस. राजधानीत शिकवतात वाटतं, उस्तादाला बहिरा कसं म्हणायचं.

तेरा वर्षं या गावाची पोरं माझ्या तालावर नाचून नवरे झाली. मला ऐकू येत नसतं तर ती कशावर नाचली?

आकडा दहा. पुन्हा विचारू नकोस.

ने.


दुशान्बे, २५ मार्च

उस्ताद,

नवरोज मुबारक. वसतिगृहात आम्ही मुलींनी गव्हाच्या कोंबांचा सुमनक रटरटवला, पाळीपाळीने ढवळला, तरी खाली लागला. तुमच्या घरच्यासारखा झाला नाही.

तुम्ही पुन्हा विचारू नकोस म्हणालात, म्हणून विचारत नाही. फक्त मी काय करणार आहे ते कळवते, म्हणजे मागून कोणाकडून कळलं असं व्हायला नको.

बटण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर आहे. कोमिल अका सोडले तर कोणालाही वाटतं की फिरवून टाकावं, खुजंदला कोण बघायला येतंय. तमारा ल्वोव्ना परवा म्हणाल्या, "मी काचेमागून माझ्याकडचं बटण फिरवते, तुझ्या उस्तादांना कळायचंही नाही." मी नको म्हटलं. चोरून फिरवलेलं बटण मला कमरबंदाशिवाय आयुष्यभर टोचेल. तुम्ही या गावचे पहिले. मला तुमच्या मागून दुसरी व्हायचंय, आणि ते तुमच्या हातून. त्यात मला लाज नाही, मला त्याचा गर्व आहे.

१२ तारखेला सकाळी मी दहावर वाजवायला बसेन. पहिल्या गाण्यातच मला उठवतील. मग घाट उघडला की गिटार घेऊन घरी येईन, तुमच्या पुढ्यात ठेवीन, आणि तुम्ही एकदा, फक्त एकदा, शिंगावर जबडा टेकवून ऐका.

तुम्ही रागावलात तरी मी तुमचीच भाची आहे. हट्ट मी कोणाकडून घेतला ते आईला विचारा.

मुअत्तर


खुजंद, ५ एप्रिल

माझ्या मुअत्तरजान,

तुझं ४ मार्चचं ते पत्र मी तंदूरमध्ये टाकायला निघालो होतो. सफरगुलने हातातून काढून घेतलं, स्वतः वाचलं, आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकात बांधून ठेवलं. मी ओरडलो. ती माझ्या समोर उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून हळूहळू बोलली, आणि मला शब्दन् शब्द कळला. "पोर जे एका कागदावर बोलली ते मी तीन वर्षं बोलतेय, पण तुला ऐकूच येत नाही." आणि मग, माझी बायको, चोवीस वर्षांत कधी नाही ती, हसता हसता रडली.

तरी मी ऐकलं नाही. नवरोजला लोक भेटायला आले, सगळ्यांना सांगितलं की आजकालची मुलं आगाऊ झाली आहेत. त्यांनी माना डोलावल्या. काय बोलले देव जाणे.

मग तुझं दुसरं पत्र आलं. तुला चोरी करण्याचा सल्ला मिळूनही तू केली नाहीस, हे वाचलं आणि कोटाचं वरचं बटण खरंच तुटलं. खोटं नाही, सफरगुलला विचार.

त्याच दुपारी जुन्या तारा शोधल्या. कोनाड्यात होत्या, जर्दाळूच्या पिशवीत गुंडाळलेल्या. चढवल्या. वायर काढली. अंगणात बाजेवर बसलो आणि शिंगावर जबडा टेकवला. सगळ्यात जाड तार छेडली.

पोरी, ती जिवंत होती. जशी होती तशी, गोल, जड, सावकाश विरणारी. पायऱ्या उतरत खाली जाणाऱ्या माणसासारखी. मी दुसरी छेडली, तिसरी छेडली. मग जबडा उचलला आणि पुन्हा छेडली, आणि ती गोधडीखाली गेली. पुन्हा टेकवला, बाहेर आली. संध्याकाळपर्यंत हेच करत बसलो, लहान मूल विजेचं बटण चालू-बंद करतं तसा. जिवंत तारांना मी तीनदा सोड्यात उकळलं. त्यांनी मला माफ करावं.

डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण बाई आहे, माझ्याच वाद्यावर तिचं लग्न लागलंय. तिने एक लोखंडी चिमटा वाजवून आधी कानाजवळ धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. म्हणाली, "कानातली बारकी हाडं आखडली आहेत, नेमत अका, पण आतला कान ठणठणीत आहे. हाडातून तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं." मी म्हटलं, हे तर मी माझ्या शिष्येला तेराव्या वर्षी शिकवलंय, तुम्ही किती वर्षं शिकलात? ती हसली. पुढे ताश्कंदला शस्त्रक्रिया होते म्हणाली. बघू.

शनिवारच्या लग्नात ट्रेबल दोनवर आणलं आणि अख्खं लग्न शिंगावर जबडा टेकवून वाजवलं. लोकांना वाटलं मी भक्तीत बुडालोय. नवरीच्या बापाने या वेळी जे सांगितलं ते मी त्याच्या ओठांकडे बघून ऐकलं: "आज बरं वाटतंय, गेल्या वर्षी तुमच्या गिटारने कानात कळ यायची." इतकी वर्षं लोक माझ्याकडे येऊन हेच सांगत होते आणि मी मान लववून आभार मानत होतो!

आता नीट वाच.

पार्सलमध्ये जो पट्टा आहे तो गिटारचा आहे. पण कापड ओळख. माझ्या उस्तादांनी, दुतारवाल्या मिर्झोकलोन बाबांनी, चार वडीलधाऱ्यांसमोर नान मोडून माझ्या कमरेला बांधलेला हा कमरबंद. त्यांना वीज लावलेलं वाद्य आवडत नव्हतं. तरी बांधला. म्हणाले, मला हे समजत नाही, पण तू समजून वाजवतोस हे मला समजतं. मी तो चांभाराकडे नेऊन दोन्ही टोकांना चामडं शिवून घेतलं, कारण तुझी विद्या कमरेवर नाही, खांद्यावर आहे.

विधीही केला. घाट उघडायला अजून महिना आहे, तू येऊ शकत नाहीस, मी विमानात बसणार नाही. चहाखान्यात चार म्हातारे बसवले, नान मोडली, आणि तुझ्या जागी तुझ्या आईला उभं करून तिच्या कमरेला बांधला. ती लाजून लाल झाली. सैदुल्लो म्हणाला, "आता हिच्याकडूनही एक गाणं होऊ द्या." सगळ्यांनी तळवे वर करून आशीर्वाद दिला. चार साक्षी आहेत, सह्या हव्या असतील तर पाठवतो.

आजपासून तू माझी शिष्या नाहीस, उस्ताद आहेस. तारा तुझ्या, बटण तुझं. कुठली तार लावलीस, ट्रेबल किती ठेवलंस, हे मला कळवायचं नाही. कळवलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा मामा, आणि फक्त मामा


दुशान्बे, १७ एप्रिल

मामाजान,

तुमचं पार्सल अकरा तारखेला दुपारी आलं. पोस्टातल्या बाईसमोरच फोडलं, तिथेच पट्टा गालाला लावून रडले. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, मला मिळालंय.

बारा तारखेला सकाळी पट्टा खांद्यावर घालून आत गेले. कोमिल अकांनी दुरूनच कापड ओळखलं. रुबाब बाजूला ठेवला, उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवला. वाद्यवृंदातले सगळे उठले. दोइरावाले साठ वर्षांचे आहेत, तेही उठले. मला कुठे बघावं कळेना. मी बाविसाव्या वर्षी उभ्याउभ्या लाल झाले, आईसारखी.

रात्रभर वसतिगृहात वायर न लावता, जबडा टेकवून, तारा निवडल्या होत्या. काय लावलं ते सांगत नाही. आकडाही सांगत नाही. तुमचा हुकूम आहे, आणि शेवटचा हुकूम मोडायचा नाही.

सहा गाणी झाली. तिसऱ्या गाण्यानंतर तमारा ल्वोव्ना काचेमागून बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "उंदीर कुठे गेला?" आणि माझ्या गालाचा मुका घेतला. कोमिल अकांनी एवढंच म्हटलं, "बस." खाली बस असं नव्हे. राहा, असं. पॉलिटेक्निकच्या वादकाला त्यांनी दुपारी फोन करून सांगितलं की यायची गरज नाही.

२९ तारखेला, रविवारी दुपारी तीन वाजता रेडिओवर लागेल. मामाजान, तुम्हाला ऐकू नाही आलं तरी चालेल. तुम्ही तिथं बसलात एवढं मला पुरे.

तुमची मुअत्तर


खुजंद, ३० एप्रिल

उस्ताद मुअत्तर,

ऐकू नाही आलं तरी चालेल म्हणे. कोणाशी बोलतेस तू?

काल तीन वाजता चहाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी आई, मामी, सगळ्या बायका पडवीत. सैदुल्लोने त्याचा जुना लाकडी रेडिओ मधल्या बाजेवर मांडला आणि वर स्वच्छ रुमाल घातला, जसं काही तूच बसणार होतीस. निवेदिकेने नावं वाचली. तुझं नाव आलं तेव्हा सफरगुलने माझ्या खांद्यावर थाप मारली, म्हणजे मला कळावं.

गाणं सुरू झालं. मी लोकांची तोंडं बघत होतो. पहिल्या कडव्यानंतर एकमेकांकडे बघायला लागले. सैदुल्लो माझ्यापुढे वाकून मोठ्याने म्हणाला, "नेमत अका, दुतार येतेय, रुबाब येतोय, आपली पोरगी कुठाय? ती वाजवतेय ना?" त्याच्या रेडिओचा कर्णा बशीएवढा, त्यातून खर्ज कुठला यायला!

मी उठलो, रुमाल काढला, आणि रेडिओच्या लाकडावर जबडा टेकवला.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, नेमत अका रेडिओ खातोय. हसू दे. तू तिथं होतीस. सगळ्यांच्या खाली, घाई न करता, एकही पाऊल न चुकवता. दुतार वर काहीही करो, तू तिला पडू देत नव्हतीस. मला दुतार ऐकू येत नव्हती, गाणारी ऐकू येत नव्हती. अख्ख्या चहाखान्यात फक्त मला तू ऐकू येत होतीस. मी उघड्यावर रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग सैदुल्लोला धरून त्याची दाढी लाकडावर टेकवली. त्याचे डोळे मोठे झाले. म्हणाला, "आत कोणीतरी चालतंय!" आणि मग काय, रांग लागली. खुजंदचे पांढऱ्या दाढीवाले एकेक करून माझ्या रेडिओपुढे वाकत होते. सैदुल्लो म्हणतो रेडिओ त्याचा आहे. म्हणू दे. पाचव्या गाण्याला तुझ्या आईचा नंबर आला. तिने जबडा टेकवला तो गाणं संपेपर्यंत उचललाच नाही, मागची रांग ओरडत राहिली.

शेवटचं गाणं मी कोणाला दिलं नाही. ते मी एकट्याने ऐकलं, डोळे मिटून, दात मिटून.

तुझा हुकूम नव्हता, माझाच होता, की तू सांगायचं नाही. मी ओळखायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. ट्रेबल तीन, थोडं अलीकडे. स्पंज आहे, पण अर्धा कापलेला. आणि तारा. खालच्या दोन जाड, त्या मीच सहा वर्षांपूर्वी तुझ्या गिटारवर चढवलेल्या जुन्या चपट्या, त्यांना मी झोपेतही ओळखीन. वरच्या दोन नव्या, खरखरीत. दुतार वर चढते तेव्हा तू त्या दोघींवर जातेस, जरा उजेड पडतो, आणि लगेच खाली उतरतेस. मी असं कधी केलं नसतं. माझ्या मनातही आलं नसतं.

एका पायात बूट, एका पायात चप्पल. आणि काय चाललीस, पोरी!

तुझा शिष्य,
नेमतुल्लो